ऐन सुट्ट्यांत थीम पार्कला एकटीच गेले (बॅगा लॉकरमध्ये)

ओसरी | २ जानेवारी, रात्री ९.४०

गेली बावीस वर्षं मी थीम पार्कला जाते आहे. आधी मुलं लहान म्हणून, मग भाचरांना घेऊन, मग मुलांच्या मित्रांचं टोळकं घेऊन. एवढ्या वर्षांत मोठ्या राइडमध्ये मी तीनदा बसले असेन. बाकी सगळा वेळ बाहेर पडायच्या दाराशी उभी. एका खांद्यावर दोन सॅक, दुसऱ्यावर माझी पर्स, हातात टोप्या, नवऱ्याचा चष्मा, कुणाचं तरी ओलं जॅकेट. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणीतरी थांबायला हवं असायचं आणि मी थांबत गेले.

यंदा मुलगी परीक्षेत, मुलगा नव्या नोकरीत, आणि नवऱ्याला गोल फिरणाऱ्या कुठल्याही गोष्टीने चक्कर येते. माझी रजा शिल्लक होती, ती वर्षअखेरीला बुडणार होती. २८ डिसेंबरचं तिकीट काढलं. एकच. साइटवर 'प्रौढ'समोर १ आणि 'मुले'समोर ० टाकताना बोट क्षणभर अडलं, हे खरं. घरी कुणी अडवलं नाही. "एकटीच? दिवसभर करणार काय?" एवढंच विचारलं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

पार्कचं नाव लिहीत नाही. एक राइड मध्येच थांबली तो प्रसंग सांगायचा आहे आणि त्यावरून कुणाला नावं ठेवायची नाहीत.

नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा म्हणजे गर्दीचा कळस, हे सगळ्यांना माहीत आहे. मी दार उघडायच्या पन्नास मिनिटं आधी पोचले तरी पुढे बरीच माणसं होती. आत शिरल्या शिरल्या सगळा लोंढा समोरच्या देखाव्याकडे फोटोसाठी थांबतो. मी थांबले नाही. सरळ लॉकरकडे गेले, पर्स, जॅकेट, डबा, सगळं आत कोंबलं, दार लावलं आणि नंबर पेनाने मनगटावर लिहिला.

आणि मग हात मोकळे झाले. हे कसं सांगू? पार्कमध्ये माझे हात मोकळे कधीच नव्हते. चालताना ते कुठे ठेवायचे कळेना. आधी खिशात घातले, मग काढले. दहा-बारा मिनिटांनी ते आपोआप हलायला लागले, माणसाचे चालताना हलतात तसे.

पहिल्या तासात तीन मोठ्या राइड्स झाल्या, एकीलाही वीस मिनिटांवर थांबले नाही. एकट्या माणसाला चर्चा करावी लागत नाही. कुठे जायचं हे ठरवायलाच घरच्यांबरोबर माझा अर्धा तास जायचा. साडेअकरानंतर मात्र पाट्यांवर ९०, ११०, १४० मिनिटं दिसायला लागली. तिथून पुढे मी 'सिंगल रायडर'च्या दाराने जायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काही राइड्सना एकेकट्यांसाठी वेगळी रांग असते. डब्यात एखादी सीट रिकामी उरली की त्या रांगेतला पुढचा माणूस तिथे बसवतात. कुणाशेजारी, कुठल्या ओळीत, ते तुमच्या हातात नाही. १४० मिनिटांची पाटी होती तिथे मी पस्तीस मिनिटांत बसले.

आता ती राइड. मोठा स्टीलचा रोलर कोस्टर, एका ओळीत दोन सीट. पुढच्या ओळीत एक आई आणि तिची मुलगी, मागे त्यांचाच दहा-अकरा वर्षांचा मुलगा एकटा. उरलेली सीट माझी. रांग लावणाऱ्या मुलीने एक बोट वर करून विचारलं, "एक?" मीही बोट वर केलं. बसल्यावर मुलाने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर आलात?" म्हटलं, कुणाबरोबर नाही. तो म्हणाला, "मग तुम्हाला कुणी बसायला लावलं?" मी म्हटलं, मीच.

गाडी चढावर निघाली, खटखट खटखट, आणि माथ्याच्या थोडं अलीकडे थांबली. खालचं संगीत चालू, आमची खटखट बंद. स्पीकरवर सांगितलं की तांत्रिक कारणाने थांबलो आहोत, बसून राहा. पहिली दोन मिनिटं लोक हसत होते. पाच मिनिटांनी हसणं थांबलं. पाठीवर आडवं पडून आभाळाकडे तोंड करून टांगलेलं राहणं, वर डिसेंबरचा वारा. समोरचा बार घट्ट धरून ठेवलेले माझे पंजे गार पडले. पुढून आई मान वळवून मुलाशी बोलायचा प्रयत्न करत होती पण सीटच्या पाठीमुळे दिसत नव्हतं. मुलाने माझ्या बाहीची कड धरली. माझ्या हाताला हात लावला नाही, फक्त बाही, चिमटीत.

मला भीती वाटत होती. पण बाही धरली गेल्यावर वीस वर्षांची सवय कामाला आली. रुळाच्या बाजूने लोखंडी पायऱ्यांची अरुंद वाट असते, कर्मचारी वर येतात ती. म्हटलं, चल, पायऱ्या मोजू. आम्ही खालून वर मोजायला लागलो. एक्केचाळीसपर्यंत आलो आणि गाडीला हिसका बसून ती पुन्हा चढायला लागली. एकूण अठरा मिनिटं झाली होती. उतारावर तो मुलगा ओरडला त्यापेक्षा मी जास्त ओरडले.

खाली बाहेरच्या दाराशी त्यांची आजी उभी होती. दोन सॅक, एक बाहुली, तीन टोप्या. मी तिच्याकडे बघतच राहिले.

रात्रीच्या आतषबाजीबद्दलही लिहायला हवं, नाहीतर सगळं छानच छान होतं असं वाटेल. शेवटचा बार झाला की सगळी माणसं वळून आपापल्या माणसाकडे बघतात. हे मला आजवर माहीत नव्हतं, कारण मीही वळत असे. या वेळी मीही वळले, आणि शेजारी एक अनोळखी खांब होता. घसा दाटला. पाच मिनिटं एका कठड्यावर बसून राहिले.

तरीही पुन्हा जाणार आहे. तुमच्यापैकी कुणी एकटं जातं का? विशेषतः अशा गर्दीच्या दिवसांत? कसं जमवता?

---

पडघम | २ जानेवारी, रात्री १०.०५

"मोकळे हात" वाचून थांबलो. माझी आई आठवली, तीही कायम बाहेरच. आजच फोन करतो.

---

कोरा_कागद | २ जानेवारी, रात्री १०.३१

ओसरीताई, सिंगल रायडरचं गणित मला फार आवडतं म्हणून लिहितो.

दोन सीटची ओळ असेल तर तीन, पाच, सात अशा प्रत्येक विषम गटामागे एक सीट उरते. चार सीटची ओळ असेल तर तिघांच्या गटामागे एक उरते. सुट्ट्यांत कुटुंबं जास्त, म्हणजे विषम गटही भरपूर, म्हणजे उरलेल्या सीटही भरपूर. पण याच दिवसांत कंटाळलेली कुटुंबं फुटून एकेकटी या रांगेत घुसतात, त्यामुळे कधी कधी ही रांग नेहमीच्या रांगेइतकीच रेंगाळते. खूप लांबली तर कर्मचारी ती काही वेळ बंद ठेवतात. बंद दिसली म्हणून निराश होऊ नका, तासाभराने पुन्हा चक्कर मारा.

दुसरं, पाटीवरच्या मिनिटांवर विसंबू नका, स्वतः मोजा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेतली माणसं म्हणजे दर मिनिटाला आत जाणारी माणसं गुणिले थांबायची मिनिटं. समजा २४ सीटची गाडी दर दीड मिनिटाला सुटते. म्हणजे मिनिटाला १६ माणसं. तुमच्या पुढे ४८० माणसं असतील तर ३० मिनिटं. नागमोडी रांगेत एका घडीत किती माणसं मावतात ते मोजायचं आणि घड्या मोजायच्या, आकडा पुरेसा जवळ येतो.

आता त्यातच पैसे भरून पुढे जाणाऱ्यांची रांग धरा. त्यांना निम्म्या सीट दिल्या की तुमच्या रांगेला मिनिटाला ८ उरतात आणि तीच ४८० माणसं ६० मिनिटांची होतात. रांग दिसायला तेवढीच, वेळ दुप्पट. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत १९९९ ला फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळून पुढे जायचा पास, आला तेव्हा तो फुकट होता. २०२१ मध्ये तो बंद करून पैसे भरायची सोय आणली. माझं स्पष्ट मत आहे की गर्दीच्या दिवसांत याचा सगळ्यात जास्त भार पडतो तो चार-पाच माणसांच्या साध्या कुटुंबांवर. एकट्या माणसाला निदान सिंगल रायडरचं दार आहे.

---

रातराणी२ | २ जानेवारी, रात्री ११.१२

मी २३ वर्षांची आहे आणि मला जायचंच आहे, पण एक प्रश्न विचारायला संकोच वाटतोय. दीड तासाच्या रांगेत उभं असताना बाथरूमला जावं लागलं तर? कुणी जागा धरायला नाही. आणि खायला बसताना टेबल?

---

ओसरी | २ जानेवारी, रात्री ११.३०

अगं, संकोच कसला, हाच तर खरा प्रश्न आहे. मी रांगेत शिरण्याआधी प्रत्येक वेळी जाऊन आले, लागो न लागो. मोठ्या रांगेच्या आधी अर्धा तास पाणी घोटघोटच प्यायले. दुपारी एकदा अर्ध्या रांगेतून बाहेर पडावं लागलंच. मागच्या बाईला म्हटलं, मी परत येईन, पण तिने मान हलवली नाही आणि ते योग्यच होतं. रांग सोडली म्हणजे सोडली. पुन्हा मागून उभी राहिले.

टेबलाचं म्हणशील तर सकाळी साडेदहाला किंवा दुपारी तीननंतर खाऊन घे. एक ते दोन या वेळात हातात ट्रे घेऊन एकटीने जागा शोधणं मला दिवसभरातलं सगळ्यात अवघड गेलं. शेवटी एका जोडप्याला विचारून त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले.

---

तिसरी_घंटा | ३ जानेवारी, सकाळी ८.१५

मी वेगळं मत मांडते, राग मानू नका.

थीम पार्क ही एकट्याने बघायची जागा आहे असं मला वाटत नाही. डोंगरावर एकटं जाणं कळतं, संग्रहालयात तर एकटंच जावं. पण पार्क ही सगळी मांडणीच किंचाळायची आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसायची आहे. मी चार वर्षांपूर्वी ३० डिसेंबरला एकटी गेले होते. दुपारपर्यंत उत्साह होता. संध्याकाळी दिवे लागले, परेड सुरू झाली, कडेला पोरं बापाच्या खांद्यावर बसलेली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. गेलेही. अर्धं तिकीट वाया.

ओसरीताईंनी खांबाचं लिहिलं ते मी अनुभवलंय. फरक इतकाच की मी परत जाणार नाही.

---

ओसरी | ३ जानेवारी, सकाळी ९.०२

राग कसला. तुमचंही खरंच आहे. ज्या दिवसांत सगळं जग घोळक्याने फिरतं त्याच दिवसांत एकटं जाणं हे आडदिवशी एकटं जाण्यापेक्षा निराळं आहे, हे मी कबूल करते. मला त्या कठड्यावरून उठवलं ते एका कारणाने: बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती आणि मला त्याच कोस्टरवर पुन्हा बसायचं होतं. समोर काही कामगिरी उरलेली नसती तर मीही घरी गेले असते.

---

गिअरबॉक्स | ३ जानेवारी, दुपारी १.४४

मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, कोस्टर हा माझा जुना नाद. ती गाडी चढावर थांबली त्याबद्दल लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी भीती कमी वाटेल.

कोस्टरचा रूळ टप्प्यांत विभागलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढच्या ब्लॉकमधली गाडी बाहेर पडल्याची खूण सेन्सरकडून मिळाल्याशिवाय मागची गाडी पुढे सोडत नाहीत. स्टेशनात कुणाचा पट्टा लागत नसेल, कुणी उतरायला वेळ लावला, एखाद्या सेन्सरने शंका घेतली, तरी मागची गाडी थांबते. थांबवायची सोय असते फक्त चढावर आणि ब्रेक असलेल्या जागी. म्हणून बहुतेक वेळा लोक चढावरच अडकतात. म्हणजे तुम्ही अठरा मिनिटं टांगलेल्या होतात ती यंत्रणा काम करत होती म्हणून. ती खटखटही त्यातलीच: गाडीखालचा खटका दातेरी पट्टीवर एकेक दात चढत जातो, साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून.

थंडीचंही सांगतो. स्टीलच्या कोस्टरच्या चाकांवर बहुधा पॉलियुरेथेनचं आवरण असतं. गारठ्यात ते आणि बेअरिंगमधलं ग्रीस दोन्ही ताठर होतं, गाडी हळू पळते. फार हळू पळाली तर पुढची टेकडी न चढता दोन टेकड्यांच्या मध्ये अडकू शकते. म्हणून थंड मुलखांतली पार्कं ठरावीक तापमानाखाली काही कोस्टर बंदच ठेवतात. डिसेंबरात जाणाऱ्याने हे आधी बघून घ्यावं, नाहीतर जिच्यासाठी गेलात तीच राइड बंद. याच्याच उलट, दिवसभर धावून चाकं तापली की संध्याकाळी तीच गाडी सकाळपेक्षा झपाट्याने जाते. सकाळी बसलात त्यावर रात्री परत बसून बघा.

आणि ओळ निवडायची संधी मिळाली तर: पहिल्या ओळीत दृश्य मोकळं, पण उताराच्या तोंडाशी गाडी रेंगाळते, कारण मागचे डबे अजून चढावर असतात. शेवटच्या ओळीत उलटं. तुम्ही माथ्यावर येता तोवर पुढची सगळी गाडी खाली सुटलेली असते, ती तुम्हाला ओढून नेते. सीटवरून उचलल्यासारखं वाटतं ते तिथेच.

---

पडघम | ३ जानेवारी, दुपारी २.२०

गिअरबॉक्स, मग लूपमध्ये डोकं खाली असताना माणूस पडत का नाही? पट्ट्यामुळे?

---

गिअरबॉक्स | ३ जानेवारी, दुपारी ३.०५

पट्टा असतोच, पण योग्य वेगात तुम्ही सीटमध्येच दाबले जाता. गंमत आकारात आहे. जुने लूप अगदी गोल होते. गोलात शिरताच अचानक इतका दाब यायचा की माना दुखावायच्या. आताचा लूप वर निमुळता, थेंबासारखा असतो, वळण हळूहळू आवळत जातं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये 'रिव्होल्यूशन' नावाचा कोस्टर उभा राहिला, त्यात हा आकार आला. कोस्टर बांधणारे अँटन श्वार्ट्सकॉफ आणि अभियंते वेर्नर श्टेंगेल यांचं काम. स्टीलच्या नळीचा रूळ त्याआधीचा, डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नचा, १९५९.

---

सायंतारा | ३ जानेवारी, रात्री ८.५०

कामानिमित्त बरीच फिरते आणि जिथे जाते तिथलं पार्क एकटीने बघते, त्यामुळे माझी भर.

एकटीने पहिल्यांदा जायचं असेल तर राइड्सच्या शर्यतीचं पार्क घेऊ नका, फिरायचं पार्क घ्या. कोपनहेगनचं तिवोली १८४३ पासून आहे, शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनला लागून. डिसेंबरात झाडन् झाड दिव्यांनी लगडलेलं असतं आणि एकटी माणसं बाकांवर निवांत बसलेली दिसतात. तिथे १९१४ चा लाकडी कोस्टर आहे. त्याच्या गाडीवर एक ब्रेकवाला बसतो आणि उतारावर हाताने वेग आवरतो. मी त्याच्या मागच्या सीटवर बसले होते. सगळे ओरडत होते आणि तो माणूस बसच्या ड्रायव्हरसारखा शांत, डावीकडे बघ, उजवीकडे बघ, लिव्हर ओढ. मी सगळा वेळ त्याच्या खांद्यांकडे बघत होते. बरोबर कुणी असतं तर माझं लक्ष गेलं नसतं.

दुसरं नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग, १९५२ चं. तिथलं परीकथांचं जंगल चित्रकार अँटन पीक यांच्या कल्पनेतून उतरलेलं आहे. त्या बागेत जागोजागी मोठ्ठ्या तोंडाचे जाडे पुतळे आहेत, ते 'कागद इथे टाका' असं डचमध्ये ओरडतात, कागद तोंडाशी नेला की ओढून घेतात आणि आभार मानतात. मुलं कागद शोधत फिरतात. मी पर्समधल्या जुन्या पावत्या एकेक करून त्याला खाऊ घातल्या. चार वेळा आभार मिळाले.

सिंगल रायडरबद्दल एक सावधगिरी. त्या दाराने गेलं की बऱ्याच ठिकाणी रांगेतली सजावट आणि सुरुवातीचं कथानक चुकतं, थेट गाडीपाशी पोचता. एखादी राइड पहिल्यांदाच बघत असाल आणि तिची गोष्ट महत्त्वाची असेल तर एकदा लांब रांग सोसा, मग हव्या तितक्या वेळा त्या दाराने जा.

आणि नियम वाचून जा. लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर नावाची जी लहान, बंदिस्त केंद्रं असतात तिथे बरोबर मूल नसेल तर मोठ्या माणसाला एरवी प्रवेश नाही, मोठ्यांसाठी वेगळ्या संध्याकाळी ठेवतात. लेगोलँडच्या मोठ्या पार्कांना तसं नाही. दारात जाऊन परत फिरण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

---

रातराणी२ | ३ जानेवारी, रात्री ९.१८

सायंतारा, सुरक्षिततेचं काय करता?

---

सायंतारा | ३ जानेवारी, रात्री ९.४१

पार्कच्या आत दिवसभर मला कधी भीती वाटली नाही. काळजी बाहेर पडतानाची. बंद व्हायच्या वेळी सगळे एकदम निघतात, गाड्या मिळत नाहीत, फोनची बॅटरी गेलेली. ॲपवर वेळा बघून बघून ती दुपारीच अर्धी होते. पॉवरबँक लॉकरमध्ये नाही, खिशात. परतीचं वाहन सकाळीच ठरवून ठेवा. खिशात एका चिठ्ठीवर घरचा नंबर आणि काही औषधं चालू असतील तर त्यांची नावं. चक्कर आली तर कर्मचाऱ्याला सांगायला शेजारी कुणी नाही, म्हणून ते कागदावर. आणि पोट अगदी रिकामं ठेवून मोठ्या राइडवर चढू नका.

---

शांत_डोह | ४ जानेवारी, पहाटे ५.५०

पहिल्यांदाच लिहितो आहे. मी ६७ वर्षांचा. पत्नी जाऊन दीड वर्ष झालं. आम्ही दर वर्षाअखेर एकाच पार्कला जायचो, मुलं मोठी झाल्यावरही, दोघंच. ती फक्त बोटीच्या राइडमध्ये बसायची, शेवटच्या ओळीत, कारण तिथे पाणी उडत नाही असं तिचं ठाम म्हणणं.

या डिसेंबरात मी गेलो. कुणाला सांगितलं नाही. बोटीच्या रांगेत पुढे आल्यावर मुलाने विचारलं, "किती जण?" आणि मी "दोन" म्हणालो. त्याने माझ्या मागे बघितलं. मग काही न बोलता त्याने मला शेवटच्या ओळीकडे हात दाखवला आणि शेजारी कुणाला बसवलं नाही. रांगेत एवढी गर्दी असताना.

पाणी उडतं. शेवटच्या ओळीतही उडतं. ती इतकी वर्षं बाहेर येऊन पदराने माझा चष्मा पुसायची आणि तरी म्हणायची, बघा, नाही ना उडालं.

तिसरी_घंटा यांचं म्हणणं मला पटतं आणि तरीही मी पुढच्या वर्षी जाणार आहे.

---

तिसरी_घंटा | ४ जानेवारी, सकाळी ८.०३

काका, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहीत राहा इथे.

---

ओसरी | ४ जानेवारी, सकाळी ८.४०

काका, त्या मुलाने सीट रिकामी ठेवली हे मी विसरणार नाही. आपण सिंगल रायडरवाले त्याच रिकाम्या सीटची वाट बघत उभे असतो. त्या दिवशी त्या बोटीत ती रिकामी राहिली तेच बरं झालं.

---

कोरा_कागद | ४ जानेवारी, सकाळी ११.१६

ओसरीताई, एक राहिलं. त्या बाहेरच्या दाराशी उभ्या असलेल्या आजी. पुढे काय झालं?

---

ओसरी | ४ जानेवारी, रात्री ९.२५

लिहायचं टाळलं होतं, कारण मनासारखं झालं नाही.

मुलगा धावत जाऊन तिला सांगत होता की आम्ही अडकलो, आणि या बाईंबरोबर मी पायऱ्या मोजल्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, बॅगा माझ्याकडे द्या, मी इथेच थांबते, तुम्ही जाऊन या. बाजूला सिंगल रायडरचं दार आहे, तासभरही लागणार नाही. ती हसली. म्हणाली, गुडघे नाहीत हो माझे तसे. मग थोड्या वेळाने म्हणाली, आणि मला आवडतं इथे उभं राहायला, ही सगळी बाहेर येतात तेव्हा पहिलं तोंड माझंच बघतात.

मी काहीच बोलले नाही. बावीस वर्षं मलाही तेच मिळत होतं आणि मी ते या धाग्यात एका ओळीनेही लिहिलेलं नाही, हे आत्ता टाइप करताना लक्षात येतंय. मुलं त्या दारातून केस उडालेली, गाल लाल झालेली, एकमेकांच्या वर बोलत माझ्याकडेच यायची.

नातू तिला गोल घोड्यांकडे ओढत होता. तिथे तर बसशील, घोडा हलतो तो नको, बाकड्यावाला घे, असं काहीतरी. ते सगळे तिकडे वळले. एक सॅक आई घेत होती आणि आजी देत नव्हती.

रात्री बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी मी त्याच कोस्टरच्या रांगेत शिरले. वेळ संपायच्या आत रांगेत असलं की तिथे बसवतात. गर्दी पांगली होती, ओळ निवडू दिली, शेवटची घेतली. गिअरबॉक्स, तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच. गाडी आधीच्या वेळेपेक्षा जोरात होती आणि माथ्यावर कुणीतरी मागून उचलावं तशी मी सीटवरून सुटले. चढावर मान वळवून पायऱ्या मोजायचा प्रयत्न केला. अंधार होता, सव्वीसच्या पुढे दिसल्या नाहीत.